जुन्या युद्धनौका नव्या कशा होतात?

बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका येथील हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून दर दोन वर्षांनी ‘एरो इंडिया’ हे विमान प्रदर्शन भरते. तेथे प्रेक्षकांच्या नजरा साहजिकच आकाशाकडे असतात. मात्र समुद्रापासून दूर असलेल्या या शहराचे नौदलाशीही जुने नाते आहे.

युद्धनौकेचे पोलादी कवच तीन दशके किंवा त्याहूनही अधिक काळ टिकते; तिच्यावरील रडार, सोनार आणि क्षेपणास्त्रे त्याआधीच कालबाह्य होतात. त्यामुळे आयुष्याच्या मध्यावर नौका गोदीत आणून तिचे आधुनिकीकरण करण्यात येते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस दिल्ली’ ही विनाशिका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली. आधुनिकीकरणानंतर एप्रिल २०२२ मध्ये तिच्यावरून ‘ब्राह्मोस’ क्षेपणास्त्राची चाचणी घेण्यात आली. पाणबुड्यांचा माग काढणारे ‘हमसा’ सोनार कोचीच्या प्रयोगशाळेने विकसित केले, तर त्याचे उत्पादन येलहंकापासून जवळच असलेल्या जालहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने केले.

इंजिनांची गोष्ट अधिक कठीण आहे. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर चार एलएम २५०० गॅस टर्बाइन आहेत. या टर्बाइनचा मूळ आराखडा विमानाच्या इंजिनावरून घेतलेला असल्याने त्यांची जुळणी, चाचणी आणि दुरुस्ती बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे असावी, यात नवल नाही. असे टर्बाइन हवा आत घेण्याच्या मार्गातून बाहेर काढून कारखान्यात पाठविता येते व त्याच्या जागी दुसरे बसविता येते.

वाफेवर चालणाऱ्या नौकेत ही सोय नाही. बॉयलर तापून पुरेसा दाब तयार होण्यास काही तास लागतात, शिवाय ही यंत्रणा सांभाळण्यास मनुष्यबळही जास्त लागते. ती बदलायची तर नौकेचा अंतर्भागच मोकळा करावा लागतो आणि नव्या यंत्रांच्या वजनानुसार तिच्या समतोलाचे गणितही नव्याने मांडावे लागते. ‘आयएनएस ब्यास’बाबत हाच निर्णय घेण्यात आला. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी ३१३.४२ कोटी रुपयांचा करार केला. वाफेऐवजी डिझेल इंजिनांवर चालणारी ही ब्रह्मपुत्रा वर्गातील पहिली फ्रिगेट ठरेल. काम पूर्ण होण्यासाठी २०२६ हे वर्ष ठरविण्यात आले होते.

या वर्गात अवघ्या तीन नौका. उरलेल्या दोघींवरील संकटे समुद्रात नव्हे, तर मुंबईच्या नौदल गोदीत ओढवली. ५ डिसेंबर २०१६ रोजी ‘बेतवा’ सुक्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली. दोन नौसैनिकांना प्राण गमवावे लागले. २१ जुलै २०२४ रोजी दुरुस्ती सुरू असतानाच ‘ब्रह्मपुत्रा’वर आग लागली. आग आटोक्यात आल्यावर दुसऱ्या दिवशी नौका एका बाजूस कलली आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला.

गोदीतील नौका खुल्या समुद्रातील नौकेपेक्षा सुरक्षित, हा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा. दुरुस्तीच्या काळात जलरोधक दारे उघडी असतात, तारा व नळ्या त्यांतून गेलेल्या असतात, वेल्डिंग सुरू असते आणि बरेचसे कर्मचारी नौकेवर नसतात. अशा वेळी आग लागली तर ती विझविण्यासाठी मारलेले पाणी वरच्या कक्षांत साचून नौकेचा तोल बिघडण्याचा धोका असतो. ‘बेतवा’ फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा सरळ करण्यात आली.