चाकांवरच्या घराची दर्शनी खिडकी

अमेरिकेत सुट्टीच्या प्रवासासाठी अनेक कुटुंबे मोटारीमागे जोडून न्यावयाचे घर, म्हणजेच ट्रॅव्हल ट्रेलर, विकत घेतात. या घराला दर्शनी बाजूस खिडकी असावी की नसावी, हा खरेदीपूर्वीचा एक महत्त्वाचा प्रश्न असतो.

खिडकीचे लाभ उघड आहेत. अरुंद खोलीत उजेड व मोकळेपणा येतो. मुक्कामी समोरचे तळे वा डोंगर बसल्या जागी दिसतो. वॉली बायम यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेल्या एअरस्ट्रीम कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या ट्रेलरची तर रुंद दर्शनी काचा ही ओळखच ठरली.

मात्र मोटारीच्या चाकांनी उडवलेले खडे याच काचेवर आदळतात. त्यासाठी संरक्षक झडप बसवावी लागते. याहून मोठा धोका पाण्याचा. धावत्या ट्रेलरवर पावसाचा मारा समोरून होतो. खिडकीभोवतीचे सील जुने झाले की पाणी भिंतीत झिरपते आणि आतील सांगाडा लाकडी असल्यास तो कुजू लागतो. भिंतीवर डाग दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. पुनर्विक्रीची किंमत घसरते. कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहतात.

म्हणून ज्यांचा मुक्काम दीर्घ असतो आणि जे दरवर्षी सील तपासून घेतात, त्यांनी खिडकी अवश्य निवडावी. खडीच्या रस्त्यांवर सतत फिरणाऱ्यांना बंद भिंतच किफायतशीर ठरते. खरेदीच्या किमतीबरोबर देखभालीचा खर्चही मांडला, तरच हिशेब पूर्ण होतो.