क्लॅरिनेटची दुरुस्ती

लग्नाच्या वरातीत तुम्ही बँड ऐकला असेल. त्यात एक काळे, लांब, चाव्यांचे वाद्य असते. त्याला क्लॅरिनेट म्हणतात. सनईप्रमाणे तेही फुंकून वाजवतात. सुमारे ३०० वर्षांपूर्वी जर्मनीत ते तयार झाले.

मुंबई-पुणे महामार्गावरच्या आपल्या लोधिवली भागात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. तेव्हा लग्नेही कमी होतात आणि वाद्य पेटीत पडून राहते. ओलाव्याने लाकूड फुगते, स्प्रिंगा गंजतात. पुढे लग्नसराई सुरू होते आणि ऐन वरातीत सूर निघत नाही. वादकाची त्या दिवसाची मजुरी बुडते, पुढची सुपारीही जाते. बँडवाले कामाच्या ठरावाला सुपारी म्हणतात. म्हणून पावसाळा संपताच वाद्य जाणत्या कारागिराला दाखवावे.

कारागीर काय करतो? प्रथम तो वाद्य स्वतः वाजवून पाहतो. कोणता सूर अडतो, ते त्याला नीट सांगा. तोंडाशी धरायचा भाग आणि रीड सोबत न्या. रीड म्हणजे बोरूसारख्या वनस्पतीची पातळ पट्टी. पुष्कळदा दोष तिच्यातच असतो आणि ती बदलली की काम भागते.

नंतर तो चाव्या उतरवतो. प्रत्येक मोठ्या चावीखाली छिद्र झाकणारी मऊ गादी असते. ती झिजली की हवा गळते आणि खालचे सूर उमटत नाहीत. नळीत छोटा दिवा सोडला, की गळती कोठे आहे ते उजेडावरून कळते. तेथील गादी तो बदलतो. मग नळी पुसतो, सांध्यांचे बूच पाहतो, गंज काढतो, चाव्यांना थेंबभर तेल देतो आणि लाकडाला तडा गेला आहे का, ते तपासतो.

काम देण्यापूर्वी खर्च व दिवस विचारा. सगळ्या गाद्या बदलणार की थोड्याच, हेही विचारा, कारण खर्च त्यावर अवलंबून असतो. पैसे देण्यापूर्वी दुकानातच सर्वांत खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत वाजवून पाहा. विचारण्यात संकोच नको. चांगला कारागीर त्याने रागावत नाही.

घरी स्क्रू उघडू नका. बारीक स्प्रिंग तुटली, तर खर्च वाढतो. मात्र वाजवून झाल्यावर नळी कोरड्या कापडाने पुसणे हे काम वादकाचेच आहे. ते रोज केले, तर कारागिराकडे वारंवार जावे लागत नाही.