कापडगिरण्यांची ऐतिहासिक छायाचित्रे, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कापडगिरण्या, तेथील कामगार व कंपन्यांच्या वसाहती यांची एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घेतलेली छायाचित्रे. ती कोणी व कशासाठी घेतली यावर त्यांत काय दिसते हे अवलंबून असते. म्हणून इतिहासाचे साधन या दृष्टीने त्यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

सुरुवातीची बरीच चित्रे पातळ लोखंडी पत्र्यावर उमटविलेली व स्वस्त असत. न्यू इंग्लंडमधील गिरण्यांत काम करणाऱ्या मुली चांगला पोषाख करून, हाती धोटा घेऊन छायाचित्रकारासमोर बसत. पुढे संपूर्ण खात्याची समूहचित्रे रूढ झाली. जाकीट व कॉलर घातलेला मुकादम एका कडेला आणि भरलेल्या बॉबिनी उतरविणारी अनवाणी मुले पुढील रांगेत, अशी त्यांची ठराविक मांडणी असे. तत्कालीन काचपट्ट्यांवर हलणारी वस्तू पुसट उमटे. त्यामुळे यंत्रे थांबवून, माणसे स्तब्ध उभी करून चित्र घेतले जाई, आणि खात्यातील गोंगाट, उष्मा व हवेत उडणारा कापूस यांचा मागमूस त्यात राहत नसे.

न्यू हँपशरमधील मँचेस्टर येथील अमॉस्केग मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने (१८३१–१९३६) मेरिमॅक नदीकाठी गिरण्यांबरोबर सबंध नगरच वसविले. भरभराटीच्या काळात तेथे सु. १७,००० कामगार होते व त्यांत क्वीबेकहून आलेल्या फ्रेंचभाषकांचा मोठा भरणा होता. कंपनीने घेतलेल्या छायाचित्रांत विटांच्या लांबच लांब इमारती, कामगारांची घरे, मुलांची क्रीडांगणे व बेसबॉलचे सामने दिसतात. हे चित्रण खोटे नव्हे. कल्याणयोजना खरोखरच होत्या. तथापि १९२२ मधील नऊ महिन्यांचा संप अशा चित्रांवरून समजू शकत नाही.

याच मँचेस्टरमध्ये १९०९ साली ल्यूइस हाइन (१८७४–१९४०) याने गिरणीतील अल्पवयीन कामगारांची छायाचित्रे घेतली. मूळचा शिक्षक असलेला हाइन १९०८ पासून राष्ट्रीय बालश्रम समितीसाठी काम करीत होता. गिरणीत प्रवेश मिळविण्यासाठी तो प्रसंगी विक्रेत्याची बतावणी करी, आणि अंगावरील कोटाच्या गुंड्यांच्या अंदाजाने मुलांची उंची मापी. नॉर्थ कॅरोलायनातील व्हिटनेल येथे १९०८ मध्ये टिपलेल्या एका मुलीची उंची ५१ इंच (सु. १३० सेंमी.) होती. ती कताईयंत्रांच्या चार बाजू सांभाळी, कधी रात्रपाळीही करी व दिवसाला ४८ सेंट मिळवी. वय विचारताच ती घुटमळली. आठवत नाही म्हणाली. मग कामाचे वय झालेले नसतानाही काम करते, असे तिने हळूच सांगितले. त्या राज्यात १९०३ पासून किमान वय १२ वर्षे होते. हा सर्व तपशील चित्राखालील टिपणात आहे. टिपणावाचून ते यंत्राजवळ उभ्या असलेल्या एका मुलीचे चित्र एवढेच उरते. लबाड माणसेही छायाचित्रे घेऊ शकतात, असे हाइनने १९०९ मधील व्याख्यानात बजावले होते. या टिपणांतही चुका आहेत. व्हर्माँटमधील १९१० च्या एका प्रसिद्ध चित्रातील मुलीचे आडनाव चुकीचे नोंदले गेले. ते चित्र १९९८ मध्ये टपाल तिकिटावर छापले गेले तरी तिची खरी ओळख त्यानंतरच पटली.

पत्रके, प्रदर्शने व पारदर्शिका यांद्वारे या चित्रांचा प्रसार झाला. १९१६ मध्ये बालश्रमविरोधी संघीय कायदा झाला. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. त्या खटल्यातील वादी स्वतः गिरणीकामगार होता. गिरणीमालकांचे पाठबळ त्याला होतेच, पण दोन मुलग्यांची मजुरी बुडू नये ही त्याची गरजही खरी होती. मुलांच्या मजुरीवरील कुटुंबांचे हे अवलंबन छायाचित्रांत फारसे येत नाही. टिकाऊ संघीय निर्बंध १९३८ च्या कायद्याने आले.

अमॉस्केग गिरण्या बंद पडल्यानंतर सु. चार दशकांनी रँडॉल्फ लँगनबाख याने त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले. त्याचा रोख मुख्यतः वास्तुशिल्पावर होता. परंतु जुने कामगार मोठ्या संख्येने तेथे आले आणि आपापली खाती व जागा ओळखू लागले. इतिहासकार टॅमारा हॅरेव्हन हिच्या अनुभवानुसार, प्रदर्शनापूर्वी आपले आयुष्य सांगण्याजोगे आहे असे न मानणारे कामगार त्यानंतर मुलाखतींना आपण होऊन तयार झाले. या मुलाखती व छायाचित्रे यांवर आधारलेला अमॉस्केग हा त्या दोघांचा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.