९६ टक्के बरोबर, तरी नापास

जिल्ह्याला रेड अलर्ट, शाळा-कॉलेजांना सुट्टी आणि सकाळी दहाला लख्ख ऊन, हा प्रकार पुणेकरांना नवा नाही. त्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हवामान खात्याच्या नावाने जे विनोद फिरतात, तेही नवे नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावरची अकरावी सायन्सची मुलगी मात्र हा विनोद प्रश्न म्हणून वहीत लिहून घेऊन गेली. कॉलेजात तिला ‘एका व्यवसायाची मुलाखत’ असा प्रकल्प होता. डॉक्टर, वकील, आयटीवाले वर्गातल्या बाकीच्यांनी आधीच वाटून घेतले होते. हिच्या वाट्याला समोरच्या इमारतीतल्या काकू आल्या. काकूंची सगळी नोकरी हवामानाचे अंदाज देण्यात गेली. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी मलाही बसू दिलं.

“काकू, रेड अलर्ट दिलाय आणि बाहेर ऊन पडलंय, अशा दिवशी तुम्हाला ऑफिसात कसं वाटायचं?”

“त्या दिवशी ताम्हिणीत किती पडला, ते बघितलंस का?”

तिने बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही कधी बघत नाही. पुणे जिल्ह्याच्या एका टोकाला सह्याद्रीचा घाटमाथा आहे आणि दुसऱ्या टोकाला दौंड-इंदापूरचा कमी पावसाचा पट्टा. तिकडे ताम्हिणीच्या घाटात आभाळ फाटलेलं असतं, तेव्हा दौंडला फुफाटा उडत असतो. इशारा घाटमाथ्यासाठी असला तरी आपण तो शिवाजीनगरच्या खिडकीतून तपासतो. शिवाय ‘अतिमुसळधार’ हे विशेषण कुणाच्या तोंडाला आलं म्हणून लावलेलं नसतं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.५ पासून त्याहूनही वरची पायरी, असा हिशोब आहे.

“आणि ते ‘तुरळक ठिकाणी’? ती तर सुटायला ठेवलेली फट वाटते.” पोरगी धीट आहे.

काकूंना राग आला नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर, आणि त्यावर आणखी दोन पायऱ्या. ऐकून मीच चाट पडलो. इतकी वर्षं मी या शब्दांना सरकारी मोघमपणा समजत होतो आणि ते निघाले आकडे! हा तक्ता बातमीच्या खाली छापला असता तर निम्मे विनोद तिथेच बंद पडले असते.

नोकरीचं विचारल्यावर काकूंनी ते पाच मिनिटांत उरकलं. पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, कोचीला आणि विशाखापट्टणमलाही मिळतं. खात्यात शिरायची एक वाट स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून, सायंटिफिक असिस्टंट म्हणून. संशोधनाची ओढ असेल तर पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. हवाई दलात हवामानाची वेगळी शाखा आहे. विमानतळांना हवामानाची माणसं लागतात आणि आता विमा कंपन्या, पवनचक्कीवाले, खासगी अंदाजवालेही घेतात. “पण हे सगळं तुला मोबाइलवर मिळेल गं. दिवाळीच्या दिवशी ड्यूटी लागली तर चालेल का, हे आधी घरी विचार. हवेला सुट्टी नसते.”

मग त्या शिमला ऑफिसच्या जुन्या दिवसांबद्दल बोलायला लागल्या. (शिमला ऑफिस चौकातून रोज बस पकडणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव कशावरून पडलं ते माहीत असेल? खात्याचं मुख्यालय शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि येताना गावाचं नाव घेऊन आलं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं.) तेव्हा देशभरातल्या केंद्रांचे आकडे आले की ते नकाशावर मांडायचे आणि पेन्सिलीने समदाब रेषा काढायच्या. “पेन्सिलीपेक्षा खोडरबर जास्त झिजायचा,” काकू म्हणाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या वेधासाठी फुगे सोडले जातात. फुग्याला टांगलेली छोटी पेटी तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत तापमान, दाब, आर्द्रता कळवत जाते आणि मग फुगा फुटतो. हीच वेळ ठरलेली आहे, कारण तेव्हा ग्रिनिचला मध्यरात्र किंवा भरदुपार असते आणि जगभरचे वेध त्याच घटकेला धरलेले असतात. लाहोर आणि दिल्ली दुसऱ्या कशावर एकमत होवोत न होवोत, फुग्याच्या वेळेवर त्यांचं एकमत आहे.

बोलता बोलता काकू आम्हाला गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे त्यांचा स्वतःचा पर्जन्यमापक आहे. गच्चीवर ठेवणं नियमात बसत नाही, वाऱ्याने थेंब चुकतात, हे त्यांनी आधीच कबूल केलं, “पण पुण्यात मोकळी जमीन आणू कुठून?” महिना डिसेंबरचा. भांडं अर्थातच कोरडं ठणठणीत. त्यांनी नळाचं थोडं पाणी वरच्या नरसाळ्यात ओतलं, आतली बाटली काढली आणि पाणी मापाच्या काचेच्या नळीत घेतलं. “वाच.”

“बारा पूर्णांक सहा.”

“उभ्याने नाही. गुडघ्यावर बस, नजर पाण्याच्या रेषेत आण. पाणी काचेला चिकटून कडेने वर चढतं. मधली खोलगट रेषा धर.”

“बारा पूर्णांक दोन.”

“बघ, नुसतं वाकलं नाहीस तर चार दशांश जास्त पाऊस पाडलास.”

त्या भांड्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असतं, म्हणजे २० मिलिलिटर पाणी जमलं की एक मिलिमीटर पाऊस झाला. मोजायची वेळ सकाळी साडेआठ. पेपरात येणारा ‘आजचा पाऊस’ हा काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा असतो. काकूंची वही मी चाळली. ऑक्टोबरनंतर पानंच्या पानं ०.०, ०.०, ०.०. मी म्हटलं, “हे कशाला लिहायचं?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी वही मिटली. “मोजून शून्य आलं आणि मोजलंच नाही, यात फरक नाही का?”

पुन्हा खाली आल्यावर मुलीने तो प्रश्न काढला, जो प्रत्येक जण काढतो. “तुमचे किती टक्के अंदाज बरोबर यायचे?” आणि इथे काकूंनी जी गोष्ट सांगितली तिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो.

अमेरिकेत १८८४ साली जॉन फिन्ले नावाचा लष्कराच्या हवामान विभागातला माणूस टोर्नेडोचे, म्हणजे त्या सोंडेसारख्या चक्री वावटळींचे, अंदाज देऊ लागला. देशाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागासाठी सांगायचं, आज टोर्नेडो होईल किंवा होणार नाही. असे २,८०३ अंदाज त्याने दिले आणि जाहीर केलं की त्यातले ९६.६ टक्के बरोबर आले. आजच्या कुठल्याही अ‍ॅपने हा आकडा जाहिरातीत मिरवला असता.

त्यावर ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने त्याच वर्षी एक साधी बेरीज करून दाखवली. हा होता भूवैज्ञानिक. हवामानवाल्यांच्या हिशोबातली चूक काढायला दगडधोंड्यांचा माणूस यावा लागला, याची मला फार गंमत वाटते. फिन्लेच्या २,८०३ पैकी २,७५२ वेळा टोर्नेडो झालाच नव्हता. म्हणजे एखाद्याने नकाशाकडे ढुंकूनही न बघता रोज ‘होणार नाही’ एवढंच म्हटलं असतं, तर तो ९८.२ टक्के बरोबर आला असता. झोपून राहणारा फिन्लेच्या पुढे! पुण्यात जानेवारी-फेब्रुवारीत ‘उद्या पाऊस नाही’ असं रोज सांगून कुणीही नाव कमावू शकतो, तसंच हे.

गिल्बर्टने सुचवलं की काहीच न घडलेल्या दिवसांची फुकटची कमाई बाजूला काढा. मग काय उरतं? फिन्लेने ‘होईल’ म्हटलं आणि झालं असं २८ वेळा. ‘होईल’ म्हटलं आणि झालं नाही, ७२ वेळा. ‘होणार नाही’ म्हटलं आणि झालं, २३ वेळा. एकूण १२३ पैकी २८, म्हणजे जेमतेम २३ टक्के. ९६ चे २३ झाले.

पुस्तकांत ही गोष्ट इथे संपते आणि फिन्लेचं हसं होऊन राहतं. मला ते पटत नाही. तेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचा. ५१ वेळा टोर्नेडो झाला, त्यातला २८ वेळा या माणसाने आधी सांगितला होता. निम्म्याहून जास्त! तेही १८८४ मध्ये, रडार नाही, उपग्रह नाही, हातात फक्त तारेने आलेले आकडे. पुढे तिथल्या खात्याने लोक घाबरतील म्हणून अंदाजातून ‘टोर्नेडो’ हा शब्दच कित्येक दशकं हद्दपार केला. लांडगा येणारच नाही असं ठरवून टाकलं की ‘लांडगा आला रे’ म्हणायचा प्रश्नच मिटतो.

फुकटच्या धोक्याच्या घंटेला आपण हसतो, पण न वाजलेल्या घंटेची किंमत वेगळी असते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दर चौरस मीटरवर ९४४ लिटर, जवळपास पाच पिंपं पाणी. त्याच चोवीस तासांत वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला किती? ७४ मिलिमीटर. इतक्या जवळच्या दोन ठिकाणांत इतका फरक पाडणारा ढग आदल्या दिवशी नेमका कुठे उभा राहील, हे सांगण्यासारखी साधनं तेव्हा हाताशी नव्हती. काकू त्या दिवसाबद्दल फार बोलल्या नाहीत. “ती तारीख आमच्यातलं कुणी विसरलेलं नाही,” एवढंच.

“ऑफिसात बायका असायच्या का?” या प्रश्नावर मात्र त्या खुलल्या. अण्णा मणी! हवामानशास्त्र म्हटलं की आपल्याकडे मोसमी पावसाचं भाकीत करणाऱ्यांची नावं निघतात, उपकरणं बनवणारी बाई मागे राहते. १९१८ साली केरळातल्या पीरमेडला जन्म. आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या नको, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका द्या म्हणून हटून बसलेली ही मुलगी पुढे बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्याच वर्णपटांवर काम करू लागली. प्रबंध लिहून झाला, पण एमएस्सी केलेलं नाही या कारणाने विद्यापीठाने पीएचडी नाकारली. भौतिकशास्त्र शिकायला लंडनला गेली, तर शिष्यवृत्ती निघाली हवामानाच्या उपकरणांची. तेच शिकली आणि १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाली. तेव्हा साधीसुधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. अण्णा मणींनी शंभरेक उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं तयार करून घेतली, ती देशात बनू लागली. दोन केंद्रांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची, तर दोन्हीकडची उपकरणं सारखंच बोलली पाहिजेत. अंदाजाच्या बातमीत हे काम कधीच दिसत नाही. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

शेवटचा प्रश्न ठरलेलाच. एआय आल्यावर ही नोकरी राहील का? बातम्या वाचून तिला वाटत होतं, नाही. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्टने एका मिनिटाच्या आत दहा दिवसांचा जागतिक अंदाज काढून दाखवला, हे खरं आहे आणि थक्क करणारं आहे. पण त्याने शिक्षण कशावर घेतलं? युरोपीय केंद्राने तयार केलेल्या, १९७९ पासूनच्या जगाच्या हवामानाच्या नोंदींवर. त्या नोंदी फुग्यांच्या, जहाजांच्या, उपग्रहांच्या आणि जमिनीवरच्या केंद्रांत वेध घेणाऱ्या माणसांच्या. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ आली. पाषाणच्याच संस्थेने केलेली, सहा किलोमीटरच्या चौकटींची, आधी या चौकटी बारा किलोमीटरच्या होत्या. मोठी झेप आहे. मात्र सहा गुणिले सहा म्हणजे ३६ चौरस किलोमीटरला एक आकडा. ‘आता तुमच्या गावाचा अंदाज’ असे मथळे वाचताना हा गुणाकार करून बघावा. काकूंचं उत्तर याहून आखूड होतं: “यंत्र आकडा देईल. कलेक्टरचा फोन आला की शाळा बंद ठेवायची की नाही, ते त्याला सांगायला माणूस बसवावाच लागेल.”

निघताना काकूंनी तिला एक कोरी वही दिली. रोज रात्री उद्याचा अंदाज लिहायचा, सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन काय झालं ते त्यापुढे लिहायचं. पंधरा दिवसांनी ती नाचत आली. पंधरापैकी पंधरा बरोबर! सगळीकडे एकच वाक्य, ‘पाऊस नाही’. काकूंनी वही पाहिली, तारखा नीट आहेत का ते तपासलं आणि खाली लाल पेनाने गुण लिहिले. शून्य. शेजारी एक शब्द होता: ‘जूनमध्ये’.