हृदयाची रचना व विद्युत हृद्‌लेखाचे वाचन : काही मूलतत्त्वे

प्रास्ताविक :
छातीत दुखू लागलेल्या रुग्णाचा ईसीजी, म्हणजेच विद्युत हृद्‌लेख, काढला जातो. ती पट्टी फाईलमध्ये वर्षानुवर्षे जपूनही ठेवली जाते. परंतु तिच्यावरील चढउतार कशाचे, हे सुशिक्षितांनाही सहसा ठाऊक नसते. बीड जिल्ह्यात हा विषय केवळ जिज्ञासेचा नाही. अंबाजोगाई येथे १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र आष्टी तालुका जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. हृद्‌धमनी गुठळीने बंद झाल्यास स्नायू मिनिटागणिक मृत होत जातो. म्हणून जवळच्या दवाखान्यात निघालेली पहिली पट्टी अचूक वाचली जाणे मोलाचे ठरते.

हृदयाची रचना :
हृदयाला चार कप्पे असतात : वरचे दोन अलिंद व खालचे दोन निलय. (जुन्या क्रमिक पुस्तकांत यांनाच कर्णिका व जवनिका म्हटले आहे.) उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठविते, तर डावी बाजू शुद्ध रक्त महाधमनीतून सर्व शरीरास पुरविते. साहजिकच डाव्या निलयाची भिंत सर्वांत जाड असते. झडपांमुळे रक्त उलट फिरत नाही.

ठोक्याचा उगम उजव्या अलिंदातील एका लहानशा पेशीपुंजात होतो. यास सायनस नोड म्हणतात. तेथील विद्युत्‌लहर अलिंदांत पसरते, अलिंद व निलय यांच्या सीमेवरील दुसऱ्या नोडपाशी क्षणभर रेंगाळते आणि नंतर हिस तंतुजुडगा, त्याच्या दोन शाखा व पुरकिंजे तंतू यांच्या मार्गे निलयांत वेगाने पोहोचते. हे रेंगाळणे निरर्थक नाही. तेवढ्या अवधीत निलय रक्ताने पुरते भरतात.

पट्टीचे वाचन :
डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या लहरींचे अचूक आलेखन साध्य केले व त्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे रूढ केली. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पी म्हणजे अलिंदांचे उद्दीपन, क्यूआरएस म्हणजे निलयांचे, तर टी म्हणजे निलयांचे पूर्वस्थितीस येणे.

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे एक लहान चौकट ०.०४ सेकंदाची व मोठी ०.२० सेकंदाची होते. ठोके नियमित असल्यास दोन आर-शिखरांमधील मोठ्या चौकटी मोजून ३०० ला त्या संख्येने भागावे. चार चौकटी असल्यास मिनिटाला ७५ ठोके. पी-आर अंतर ०.१२ ते ०.२० सेकंद असते. ते वाढल्यास लहर वाटेत अडखळते आहे असे समजावे. पी-लहरी नाहीशा होऊन आर-शिखरे अनियमित अंतराने येऊ लागली, तर अलिंद-कंपनाची शंका घ्यावी. संधिवाती ज्वराने द्विदल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत हे वारंवार आढळते.

एस आणि टी यांमधील रेषा शेजारशेजारच्या लीडमध्ये उचललेली दिसणे, ही हृदयविकाराच्या झटक्याची महत्त्वाची खूण होय. तथापि पहिली पट्टी निर्दोष दिसली म्हणजे झटका नाही, असे मुळीच नव्हे. वेदना चालू असल्यास १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा पट्टी काढावी लागते. यंत्राने छापलेल्या निदानावरही पूर्ण विसंबता येत नाही.

विंचूदंश व हृदय :
ग्रामीण महाराष्ट्रात एसटी व टी यांतील बदल पाहताना आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते, ते म्हणजे लाल विंचवाचा दंश. त्याच्या विषाने शरीरातील ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये अतोनात स्रवतात. घाम, उलट्या, थंड हातपाय व पुढे फुप्फुसांत पाणी साचणे असा क्रम दिसतो. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे अशा रुग्णांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा रुग्णाची पट्टी झटक्यासारखी दिसू शकते, पण गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचे येथे काम नसते. म्हणून पट्टी हाती घेण्यापूर्वी दंशाची चौकशी करणे आवश्यक असते.