सायनसची शस्त्रक्रिया पुन्हा का करावी लागते?

माझ्या थोरल्या बहिणीला सायनसची दुसरी शस्त्रक्रिया सुचवली गेली, तेव्हा घरात एकच वाक्य ऐकू येई : ‘म्हणजे पहिली फुकटच गेली!’ मी डॉक्टर नव्हे. वैद्यकाचा इतिहास आवडीने वाचणारा माणूस. त्या वाक्यापायी मी या विषयात शिरलो.

दोन्ही गालांच्या हाडांत एकेक पोकळी असते. तिचे तोंड तळाशी नसते. वरच्या अंगाला, नाकाकडच्या भिंतीत असते. आतल्या त्वचेवरची सूक्ष्म रोमके अखंड हलत राहतात आणि चिकट स्राव तळापासून भिंतीवरून वर, त्या तोंडाकडे ढकलत नेतात. इथला निचरा उताराने नाही, चढाने होतो.

जुन्या शल्यविशारदांचा हिशेब मात्र उताराचा होता. न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल (१८९३) आणि पॅरिसचे आँरी ल्यूक (१८९७) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत वरच्या ओठाआडून पोकळी उघडत, रोगट त्वचा खरवडत आणि नाकात खालच्या बाजूस नवी खिडकी पाडत. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी स्रावाच्या वाटांचा बारकाईने अभ्यास केला. खाली खिडकी असली तरी स्राव तिला वळसा घालून मूळ तोंडाकडेच चढतो, हे त्यातून उमगले. म्हणून आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया मूळ तोंडच मोकळे करते.

तरीही काहींना पुन्हा टेबलावर जावे लागते. त्याची कारणे ढोबळमानाने दोन प्रकारची.

पहिली वाटेची. मूळ तोंड हाडाच्या एका पातळ पाकळीआड दडलेले असते. पाकळीचा तुकडा मागे राहिला, तर नवे भोक शेजारी पडते आणि दोन्ही वेगवेगळी राहतात. मग स्राव एकातून बाहेर येतो, दुसऱ्यातून आत जातो. नुसता घुटमळत राहतो. कधी जखम भरताना आतले भाग एकमेकांना चिकटून वाट पुन्हा बुजते. अशी वाट दुसऱ्या शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येते.

दुसरी कारणे त्वचेची. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिनचा त्रास ही तिन्ही काहींच्या वाट्याला एकत्र येतात. फर्नांद विदाल यांनी १९२२ मध्येच असे वर्णन केले होते. अशांच्या त्वचेची सुजण्याची प्रवृत्ती सुरी काढू शकत नाही. ती वाट रुंद करते, म्हणजे मिठाच्या पाण्याची धुणी आणि स्टेरॉइडचा फवारा आतपर्यंत पोचतो. शस्त्रक्रिया निर्दोष झाली तरी पॉलिप परततात, ते यामुळे.

बहिणीला दमा आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर नाक मोकळे झाले, फोडणीचा वास येऊ लागला आणि तिसऱ्या महिन्यात तिने फवारा बंद केला. ‘बरी झाले, आता कशाला?’ आम्हालाही ते पटले. फवारा चालू असता तर दुसरी वेळ टळलीच असती, असे नाही; पण ती शक्यता आम्ही हातानेच घालवली. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न साधा होता : दुखणे वाटेचे की त्वचेचे? तो आम्ही दुसऱ्या खेपेला विचारला.

आता तिच्या बेसिनवर दात घासायच्या ब्रशाशेजारी नेतीचे भांडे असते. रोज सकाळी उकळून गार केलेले पाणी, चिमूटभर मीठ, मग फवारा. नाक मोकळे असले तरीही.