कामावर माणूस गेला तर कोऱ्या कागदावर सही करू नका

अमरावती/अकोला : समृद्धी महामार्गाच्या कामावर 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे गर्डर बसविणारे यंत्र कोसळले आणि 20 जण ठार झाले. त्याआधी 20 ऑगस्ट 2021 ला याच महामार्गाच्या कामावरचे 13 मजूर आपल्या शेजारी सिंदखेडराजा तालुक्यात गेले. लोखंडी सळया भरलेला टिप्पर उलटला, मजूर त्या सळयांवरच बसून चालले होते. मोठे अपघात पेपरात येतात. गावातल्या स्लॅबवरून पडलेला, नाहीतर विहिरीच्या कामात दरडीखाली दबलेला एकटा माणूस चार ओळींत संपतो.

अशा घरी पहिल्या दोन दिवसांतच कोणीतरी येते. क्रियाकर्माला म्हणून पंचवीस-पन्नास हजार देते आणि स्टॅम्पपेपरवर "आमची काही तक्रार नाही" असे लिहून घेते. बाई रडण्यातून सावरलेली नसते, मंग अंगठा उमटवून मोकळी होते.

हा कागद कायद्यापुढे टिकत नाही. कामगार नुकसानभरपाई कायदा 1923 चा, तो 2025 पर्यंत लागू होता. त्यात साफ लिहिले होते की हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल. दुसरे म्हणजे, मृत्यूची भरपाई मालकाने घरी आणून द्यायचीच नाही. ती आयुक्ताकडे भरायची, आपल्याकडे हे काम कामगार न्यायालय पाहते. घरी दिलेले पैसे फार तर तीन महिन्यांच्या मजुरीइतके आगाऊ म्हणून धरले जातात.

भरपाई किती, हे वयावर आणि मजुरीवर ठरते. महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम, गुणिले वयाचा आकडा. 30 वर्षांच्या माणसासाठी तो 207.98 आहे. 400 रुपये रोजाने 26 दिवस म्हणजे 10,400, निम्मे 5,200, भरपाई 10 लाख 81 हजार 496 रुपये. (मजुरी जास्त असली तरी हिशेबात 15 हजारच धरतात.) कुठे पन्नास हजार अन् कुठे पावणे अकरा लाख! महिन्याच्या आत भरली नाही तर 12 टक्के व्याज लागते. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

"माणूस माझा नव्हता, ठेकेदाराचा होता," हे उत्तर ठरलेलेच. दहा किंवा जास्त मजूर असलेल्या कामाला 2025 पर्यंत 1996 चा बांधकाम कामगार कायदा लागत असे. ठेकेदाराने भरपाई दिली नाही किंवा कमी दिली, तर ती मूळ मालकाने द्यायची, असे त्यात होते. जागा सुरक्षित ठेवणेही त्याच्याच माथी. 10 लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर मात्र या कायद्यातून वगळले होते. तिथे मजूर लावणाऱ्या ठेकेदारावर 1923 च्या कायद्याने दावा होत असे.

सरकारने जाहीर केलेली मदत वेगळी. शहापूरच्या वेळी राज्याने 5 लाख जाहीर केले, त्याने मालकाची भरपाई चुकत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे 5 लाखही वेगळे, पण त्यासाठी मृत्यूच्या वेळी नोंदणी चालू पाहिजे. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस बांधकाम केल्याचा दाखला. गावात तो ग्रामसेवक देतो. नूतनीकरण राहून गेलेले कार्ड पेटीत पडून असते, आणि गरजेच्या वेळी तेच नडते.

खरी अडचण पुराव्याची. धारणी-चिखलदऱ्याहून आलेल्या मजुराला कित्येकदा मालकाचे नावही ठाऊक नसते, मुकादम तेवढा माहीत. म्हणून पंचनाम्यात मृत्यूची जागा कामावरची लिहिली का, हे आधी वाचून घ्यावे. सोबतच्या दोघांचे जबाब त्याच दिवशी व्हावेत, ते गावी निघून गेले की सापडत नाहीत. आणि कामावर असतानाच हजेरीच्या वहीतल्या आपल्या नावाच्या पानाचा, साईटवरच्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवून ठेवावा.